शेरा

माणहून टेम्पोत घालून बारा कोकरं आली,
फोंडाघाट उतरून, मुणग्याच्या सड्यावर.
पहिला आठवडा नुसती एकेक खूर उचलत उभी होती.
जांभा त्यांच्या ओळखीचा नव्हता,
माझ्याही नव्हता.

सहांच्या कानात निळा बिल्ला, सहांच्या पिवळा.
निळ्यांच्या खुराकात लाल शेवाळाची पूड,
किलोमागे पाच ग्रॅम;
पिवळ्यांना नुसता खुराक.
कागदावर एवढंच,
बाकी सगळं ओहोटीवर.

ओहोटीला सत्यवतीवयनी कातळावर उतरते,
साडी खोचून, कालवं फोडायची कोयती घेऊन.
शेवाळांची नावं तिला माहीत नाहीत,
स्वभाव माहीत आहेत:
हे जिभेला झोंबतं,
हे नखाखालचा रंग आठवडाभर सोडत नाही,
हे थंडीतच येतं, अवसेच्या उधाणानंतर.
खळ्यात सुकवते,
सुक्या बांगड्यांपासून चार हात लांब, ही माझी अट.
मांजराला ती मान्य नाही.

दर गुरुवारी एकेक कोकरू पारदर्शक पेटीत.
वरून रबरी नळी, नळीच्या टोकाला यंत्र,
यंत्रात ढेकर जाऊन आकडा होतो.
"ढेकराचो हिशोब घेतास," वयनी म्हणते,
"मगे पादाचो कोण घेतलो?"
मी तिला शास्त्र सांगतो:
बहुतेक वायू तोंडावाटेच जातो, रवंथ करताना,
पहिल्या पोटात काळोखात काहीतरी आंबत असतं,
चाऱ्यातली ताकद मिथेन होऊन वर निघते,
आभाळ तापवते,
आणि फऱ्यावर मांस तेवढं कमी चढतं.
"म्हंजे ओलो फाटो," ती म्हणते,
"धूर जास्ती, भाकरी कच्ची."
पाच पानांच्या प्रस्तावात
मला हे जमलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात निळ्यांनी गव्हाणीला तोंड लावलं नाही.
वास. सत्तावीस नंबर तर मागे मागे सरकत भिंतीला टेकलं.
अकरा किलो दोनशे, अकरा शंभर, दहा आठशे नव्वद.

आणि मग एका सोमवारी गव्हाण चाटूनपुसून साफ.
मंगळवारी साफ.
मी दापोलीला सरांना फोन केला: सवय झाली, सर.

महिनाभराने एकदा पाचलाच जाग आली.
शेडमध्ये बॅटरीच्या उजेडात वयनी उकिडवी,
मांडीवर फणसाचा पाला,
एकेका पानाला आगळाचं बोट लावून
त्यावर माझी पूड, जपून, कुंकवासारखी.
सत्तावीस नंबर तिच्या खांद्यावरून मान घालून खात होतं.

"पिवळ्यांना?"
"ती खातत आपसूक. तेंका कशाक?"
"वयनी, यात फक्त पूड हवी होती."
"चार दिस उपाशी होती ती.
मिया काय बघीत ऱ्हवतलंय?"

आज शेवटचं वजन झालं.
निळी सव्वादोन किलोंनी पुढे, वायू जवळपास तिसऱ्या हिश्शाने कमी.
शेवाळ? फणस? आगळ?
की पहाटे पाचला कुणीतरी मानेखाली खाजवतं, ते?

आबांचा फोन आला. जन्म मेंढरामागं गेला,
काटा कधी हातात धरला नाही,
पाठीवर तळवा दाबून सांगायचे.
"पाठीत भरतंय का?"
"भरतंय."
"मग झालं की."

झालं नाही, आबा.
रजिस्टरला आठ रकाने आहेत, शेवटचा शेऱ्याचा.
सहा महिने तिथे मी निरंक, निरंक लिहीत आलो.
खाली अक्षरं एकाखाली एक अशी लागलीत
की कुणालाही वाटावं, काही घडलंच नाही.

लिहिलं तर सहा महिने पाण्यात.
नाही लिहिलं तर पाला.

दोनदा टोपण लावलं पेनाला.
मग लिहिलं:
फणसाचा पाला, रोज अंदाजे दोन मुठी, आगळासह.
मूठ: सत्यवती कुबल यांची.

सकाळी तिला सांगणार आहे,
ती मूठ तराजूत रिकामी कर.
हसेल ती.
तरी मी उतरवून घेईन,
दोन दशांशापर्यंत.