पाटी पेन्सिलीनं लिहावी

नवतपा. दिवस तिसरा.
कॉलेजच्या गच्चीवर, हिरव्या जाळीखालीसुद्धा सेहेचाळीस.
संत्र्यांच्या जुन्या पेट्यांत एकशे बारा कुंड्या,
आणि मी पाट्या बदलत बसले आहे.

शाईनं लिहू नये. नागपुरात शाई
दोन उन्हाळ्यांत उडते. पेन्सिल राहते.
हे मला पुस्तकानं नाही, उईकेनं शिकवलं,
बत्तीस वर्षं ह्याच जिन्यानं
पाण्याचे डबे वर आणणाऱ्या उईकेनं.

पहिल्याच वर्षी काटोलकडच्या धुऱ्यावरून
त्यानं एक त्रिधारी उपटून आणला होता, मोठ्या हौसेनं :
"हाबी त्यातलाच हाये ना जी?"
मी टोक मोडलं. दूध ठिबकलं.
नाही रे, हा एरंडाच्या कुळातला. दिसतो फक्त तसा.
मग त्याच्या हाती भिंग दिलं, कुंडीवर वाकवलं :
काट्याच्या बुडाशी बघ.
तिथं लोकर असेल तरच हा ह्या घरातला.
बाकी काटे, जाड साल, पाणी धरून ठेवणं
कुणालाही जमतं, पिढ्यान् पिढ्या उन्हात राहिलं की.
तो कितीतरी वेळ वाकून होता.
"उशी हाये मॅडम. इवलीशी."

उशीच म्हणू या.
खरं तर ती फांदी आहे, वाढायची राहून गेलेली.
काटे ही तिची पानं.
दरवर्षी वर्गात हे वाक्य यायचं
आणि तिथंच मला खडू बदलावासा वाटायचा.

ह्या पेटीतले सगळे नोटोकॅक्टस.
गोल, धारांचे, माथ्यावर पांढरी लव.
दुपारी बाराच्या सुमारास फूल उघडतं,
पिवळं, तेल लावल्यासारखं चमकणारं,
आणि मधोमध कुक्षी, पिकल्या जांभळाच्या रंगाची.
त्या एका ठिपक्यावर माझी श्रद्धा होती.
ठिपका दिसला की प्रजाती ठरली.

पण दूर कुणीतरी बिया सूक्ष्मदर्शीखाली धरल्या,
टरफलावरचे उंचवटे पाहिले,
आणि म्हणालं, हे वेगळं घर नव्हेच.
हे सगळे पॅरोडिया.
निर्णय जुना आहे. पाट्या मीच टाळत होते.
शनिवारी माझी नोकरी संपते,
नव्या मुलीला चुकीचं नाव देऊन कसं जाऊ?

उईके एकेक पाटी पुसून देतो.
"म्हंजे हे सासरी गेले म्हना.
तांदळात नाव लिवलं का जी यांचं?"

माझं लिहिलं होतं. अंगठीनं. वसुधा.
सासूबाई हाक मारायच्या आणि मी वळायचेच नाही,
तीन महिने उद्धट ठरले.
इथं सगळे मॅडम म्हणतात, ते एक बरं.
खाली हर्बेरियमच्या कपाटात मात्र
एका पिवळ्या कागदावर, वाळलेल्या गवताशेजारी,
जमवणाऱ्याच्या रकान्यात अजून आहे :
कु. कुमुद ढोमणे, अंबाझरीचा काठ, ऑगस्ट सत्त्याऐंशी.
तो रकाना कुणाला बदलता येत नाही.

नामकरणाच्या शास्त्रात जुनं नाव फेकत नाहीत.
नव्या नावाखाली लहान अक्षरांत लिहून ठेवतात,
शोधणाऱ्याची चुकामूक नको म्हणून.
म्हणून मीही लिहिते आहे, पाटीच्या तळाला,
जो भाग मातीत जाईल तिथं : नोटोकॅक्टस.
उईके बघतो. काही म्हणत नाही.

शेवटच्या पेटीत एक कुंडी बिनपाटीची निघाली.
रोप बोराएवढं. बी कुठून पडलं कोण जाणे,
धारा एकाच्या, काटे दुसऱ्याचे,
आणि फूल यायला अजून चार-पाच वर्षं.
"हा कोनता?"
फूल आल्याशिवाय सांगता येणार नाही, मी म्हटलं,
आणि तेव्हा मी इथं नसेन.

त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली,
जिभेला लावली, सावकाश लिहिलं :
उशीवाला.

मी खाली तारीख टाकली.