दर मीटर

तेवीस मानशी, एका तक्त्यात.
खर्च भागिले रुंदी.
पर्वरीच्या गारेगार खोलीत
सरासरीची लाल रेघ आडवी पडली
आणि सांत इस्तेवची मानस
रेघेच्या अडीच पट उभी राहिली.

"हिची चौकशी लावा," प्रियोळकर साहेब म्हणाले,
"आणि ही चोडणची, सगळ्यांत स्वस्त,
हिला मापदंड धरा."

मी टेप घेतली, बोअरिंगचे जुने अहवाल घेतले, निघाले.
महागडीपाशी कंत्राटदाराच्या मुकादमानं
चिखलात बांबू खुपसून दाखवला.
बांबू गेला. त्याला दुसरा बांधला.
तोही गेला.
अहवालात जांभा चौदा मीटरवर.
दरसूचीत चिखलाला ओळच नाही,
बार्जमधून आलेल्या खडीलाही नाही.
लिहून घेतलं. रेघ बरीच जवळ आली.

मग रायबंदरहून फेरीबोट, चोडण.
माटीच्या लाकडाची दारं, डांबर नावापुरतं.
कठड्यावर कायतान मिनेझिस,
पोटऱ्यांपर्यंत वाळलेला चिखल.
"पुनवेक हांव न्हिदना, बाय."
उधाणाच्या रात्री, खेकड्यांनी पोखरलेल्या बांधात
तो पेंढा आणि चिकणमाती थापत बसतो,
बारा वर्षं,
कुठल्याच हजेरीपटावर नाही.
बदल्यात दाराशी अडकतील ते मासे.
नाही अडकले तर?
त्यानं विडी पेटवली.

म्हणजे आमचा मापदंड
एका माणसाचं जागरण होतं,
दर मीटर शून्य रुपये.

परतताना, फेरीबोटीच्या धडधडीत,
देखभालीचा रकाना वाढवला.
कायतानच्या रात्री भरल्या
अकुशल मजुरीच्या दरानं;
दुसरा दर मला ठाऊक नव्हता.
चोडण पहिल्यावरून सोळाव्यावर गेली.

सांत इस्तेवचा चिखल वजा केला. बार्ज वजा केली.
दरवाढ, जीएसटी, दोन पावसाळ्यांचा उशीर, सगळं वजा.
तरी उरले नऊ लाख चाळीस हजार,
ज्यांना खोली नाही, रुंदी नाही,
भरती-ओहोटीही नाही.

साहेब म्हणतात, तेवीसांत एवढं चालायचंच,
सरासरीत मुरून जाईल.

जाईल. शेतात शिरलेलं खारं पाणीही मुरतंच,
मग तीन वर्षं तिथं भात होत नाही.

फाईल उघडी आहे.
त्या आकड्यावर मी बोट ठेवलंय
आणि शिपाई दोनदा विचारून गेला,
दिवे मालवू का.