संगजिऱ्याची कांडी

पाचवीच्या पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं
आणि पोरगं 'इं'वर अडकलं.
इंद्रजित. नाव मीच ठेवलेलं, हौसेनं.
पुढचा 'द्र' त्याच्या जिभेला घाटाचा चढ.
वर्ग हसला. त्यानंतर हजेरीला
तो नुसता हात वर करायचा,
मग काही दिवसांनी तेही नाही.

मी शिरोलीला फौंड्रीत. सेकंड शिफ्ट.
तो शाळेतून येतो तेव्हा मी भट्टीपाशी,
मी येतो तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून झोपलेला.
बोलायचं कधी?
म्हणून कंपनीतनं संगजिऱ्याची एक कांडी आणली
आणि निघताना लोखंडी कपाटाच्या दारावर
एक शब्द लिहिला: उंबरठा.
खाली नियम:
तीन वाक्यं. आधी मोठ्यानं म्हणायची, मग लिहायची.
त्यातलं एक खोटं पाहिजे.

खोट्याची अट का घातली, मला अजून सांगता येत नाही.
खरं बोलतानाच जीभ जास्त अडते,
असं काहीतरी वाटलं असेल.

रात्री साडेबाराला तावडे हॉटेलपाशी
गाडी बावड्याकडं वळवायची,
कारखान्याच्या मळीचा वास अंगावर घेत घरी यायचं,
मोबाईलच्या उजेडात दार वाचायचं
आणि खोट्याभोवती गोल करायचा,
कंपनीत इन्स्पेक्टर करतो तसा,
आत हवा राहिलेल्या, भंगारात जाणाऱ्या कास्टिंगवर.

पहिलं खोटं सोपं होतं:
'आमच्या उंबरठ्यावर वाघ बसतो.'
गोल केला. दुसऱ्या दिवशी त्याखाली बारीक अक्षरात:
'वाघ रागावलाय.'

कुरबूर. धांदल. पाणवठा. तालेवार.
हा शेवटचा त्याच्या आईनं दिला, भाकरी थापता थापता.
मधेच मी चोरून 'द्र' घालायचो: निद्रा, मुद्रा, छिद्र.
छिद्राला त्यानं लिहिलं,
'बाबांच्या शर्टाला ठिणग्यांची सतरा छिद्रं आहेत.'
मी शर्ट काढून मोजली.
सतराच.

शेजारच्या आक्का हिला विचारायच्या,
"अगं, तुझं पोरगं तिन्हीसांजेला
कपाटासंगं भांडतंय व्हय?"

गणपतीच्या आधी ओव्हरटाइम लागला,
आठ दिवस मी शब्दच दिला नाही.
नवव्या रात्री दारावर त्याच्या अक्षरात
एक शब्द, माझ्यासाठी: दिरंगाई.
खाली तीन आकडे, पुढं मोकळी जागा.
घामट हातानं मी तीन वाक्यं लिहिली.
त्यातलं खोटं त्यानं बरोबर धरलं.

परवाचा शब्द होता भीड.

१. पंचगंगा चढली की तिला भीड राहत नाही, सरळ गल्लीत येते.
२. आई रात्री 'जेवले मी' म्हणते ते भिडेपोटी नसतं.
३. आज वर्गात भीड सोडून मी माझं नाव सांगितलं, पूर्ण.

मी बराच वेळ उभा होतो.
मग तिसऱ्याभोवती गोल केला.
हात जड झाला, पण नियम तो नियम.
हिनं ताट वाढलं. म्हणाली, "जेवा तुम्ही, मी जेवले मघाच."
मी जेवलो. झोपलो.

सकाळी उठलो तर तो शाळेला गेलेला.
तिसऱ्याचा गोल ओल्या फडक्यानं पुसलेला,
दारावर अजून ओलीचा डाग.
आणि दुसऱ्या वाक्याभोवती
त्याच्या हातचा गोल, वाकडातिकडा,
शेवट सुरुवातीला न भेटलेला.

ही चुलीपाशी पाठमोरी,
रात्रीची भाकरी चहात बुडवून खात होती.

कांडी हातात घेऊन बसलोय.
साडेतीनला शिफ्ट.
आजचा शब्द अजून सुचत नाही.