पायाखाली एकशे बारा

जाताना तो ऑस्ट्रियन पाहुणा स्की इथेच ठेवून गेला.
सामानात बसेनात म्हणून,
किंवा माझ्या जुन्या फळ्या बघून त्याला कसंसंच झालं म्हणून.
पायाखाली एकशे बारा मिलिमीटर.
"ही तर दारं आहेत," आई म्हणाली.

चढायची कातडी मात्र त्याने नेली.

माझ्याकडची होती पंच्याऐंशीची.
ताज्या बर्फात तीही चालून गेली;
भुसभुशीत बर्फ कुणाचीही लाज राखतो.
पण फेब्रुवारीत,
वाऱ्याने घासून काचेसारख्या केलेल्या उतारावर
आडवी वाट काढताना
कातड्याबाहेरची ती दोन बोटं उघडी राहिली,
आणि मी सहा पाहुण्यांच्या देखत
चाळीस पावलं खाली. कुशीवर.
कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

म्हणून आज काराकोल, मिनीबसने दीड तास,
मांडीवर एक स्की, दुसरी ड्रायव्हरच्या कानाशी.
इल्गिजचं दुकान म्हणजे जहाजी कंटेनरचं अर्धं;
उरलेल्या अर्ध्यात त्याची बहीण बटणं विकते.
त्याने तीन गुंडाळ्या टाकल्या पुढ्यात.

मोहेर. बोकडाच्या लोकरीचं.
हात फिरवला की हातच पुढे निघून जातो.
हलकं, घरंगळतं, दोन हिवाळ्यांत टक्कल पडणारं.

नायलॉन. उलटा तळवा फिरवला तर मांजर ओरबाडतं.
धरलं की सोडत नाही,
पण पाऊल पुढे टाकताना ओढून न्यावं लागतं
हट्टी मेंढरासारखं.

तिसरं दोन्हींचं मिश्रण. "सगळे हेच नेतात," इल्गिज म्हणाला.
सगळे म्हणजे कोण, ते नाही सांगितलं.

मी हिशेब केला, पैशांचा नव्हे, पावलांचा.
मजेसाठी चढणारा एकदा चढतो.
मी पुढे वाट फोडते,
मग मागे कुणाचा दम तुटला की खाली येते, पुन्हा चढते,
पाठीवर दोर, फावडं, सगळ्यांचा चहा.
मला सरकणं नको. धर हवी.
नायलॉन, एकशे तीस रुंदीचं.
जड आहे, माहीत आहे. मीही काही पीस नाही.

रात्री स्वयंपाकघरात टेबलावर स्की उताण्या.
कातडं चिकटवलं, पातं लावलं,
पोलादी कड दोन्हीकडून उघडी राहील एवढंच कापत गेले.
कड झाकली तर ती बर्फाला चावणार कशी?
टोकाशी रुंद, कमरेशी निमुळत्या,
केसाळ सालपटं जमिनीवर पडत राहिली.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथे पाय आधीच पसरलेले,
अंथरूण आणायला शहरात जावं लागलं.

तोलोगोन मामा चुलीपाशी बसून बघत होता.
खाण बंद झाल्यापासून तो बघतोच.
त्याच्या पोरवयात घोड्याच्या नडगीचं कातडं असे,
खिळ्यांनी ठोकलेलं, फळी मोडेपर्यंत फळीवरच.
"रुंदी कशी ठरवायचात?"
"ठरवायची कशाला? घोड्याचा पाय जेवढा तेवढी.
आम्ही फळीच कातड्याच्या मापाने तासायचो."

मग उठला, डावी स्की घेतली,
डोळे मिटून शेपटापासून टोकाकडे हात नेला.
तळवा सुरळीत पुढे गेला.
"उलटं लावलंयस," म्हणाला.

उलटंच होतं.
याच्यावर मी उभीही राहिले नसते, मागेच गेले असते,
त्या फेब्रुवारीसारखी, पण या वेळी स्वतःच्या पैशांनी.
सोलून काढलं. गोंदाला मांजराचे केस लागले.
टोकाचं कापलेलं शेपटाकडे कसंबसं जुळवलं;
डावीकडे बोटभर फट राहिली आहे, राहू दे.

सालपटं आईने गोळा केली,
गोठ्याच्या उतरत्या फळीवर खिळ्यांनी ठोकली,
लव खालच्या दिशेला, कुणी न सांगता.

पहाटे मी निघाले तेव्हा
वासरू त्यावरून वर येत होतं,
एक पाय ठेवून, थांबून,
दुसरा ठेवावा की नाही याचा विचार करत.