काठ

सकाळी सहाला, साखर पेठेत, ओट्यावर
मी चष्मा धोतराला पुसून पेपर उघडतो.
पेपर म्हणजे आता हाच, तळहाताएवढा.
सहा वर्षं अंगठ्याला पाठ होतं :
उजनीत पाणी किती टक्के,
त्याखाली कांद्याचा भाव,
मग जुन्या शब्दांची ती बारकी चौकट,
जी वाचायची म्हणून कधीच वाचली नाही,
वाटेत लागायची म्हणून वाचली,
आणि तळाशी, डाव्या कोपऱ्यात,
गेलेल्यांचे फोटो.

मंगळवारी कुणीतरी सगळी कार्डंच बदलली.

बत्तीस वर्षं मी जेकॉर्डची कार्डं पंच केली.
एक भोक चुकलं की मोराचा पाय
पोपटाच्या चोचीत जातो,
हे मला कुणी सांगू नये.
पण नक्षी बदलायची तर आम्ही माग थांबवायचो,
विणणाऱ्याला हाक मारायचो :
लिंगय्या, हे बघ बे, फूल आता इथनं सुरू.

इथं कुणी हाक मारली नाही.
अंगठा सवयीनं डाव्या कोपऱ्यात गेला
तर तिथं एक पोरगी हसत चादर विकतेय,
‘अस्सल सोलापुरी’, चाळीस टक्के सूट.
वीण बघूनच कळलं, आपली नाही.

‘ताता, सोपं केलंय उलट,’ नात म्हणाली,
‘नुसतं वर सारत राहायचं.’
सारत राहिलो.
एका नटीचं लग्न, गुडघ्याचं तेल,
दुसऱ्या नटीचं लग्न,
पुन्हा तेच तेल.
चादरीला काठ असतो.
काठ आला की हात थांबतो, कात्री शोधतो.
ह्याला काठच नाही.
चहावर साय धरली,
आणि दुपारी स्पंदनानं विचारलं, काय वाचलं,
तर मला एक ओळ सांगता येईना.

अकराव्या दिवशी अशोक चौकात
लिंगय्याचा मुलगा भेटला. डोकं भादरलेलं.
‘दिलं होतं की काका पेपरात. फोटोसकट.’

दिलं होतं, खरंच.
वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत.
त्या दाबायच्या, मग खाली जायचं,
क्रीडा, राशी, पाककृती, त्याच्याही खाली
लिहिलंय ‘इतर’.
तिथं होता लिंगय्या,
लग्नातल्या कोटात.

आता मी रोज उठून थेट ‘इतर’मध्ये जातो.
सगळे चेहरे बघतो, फोन उपडा ठेवतो.
चौकटीतले शब्द अजून येतात की नाही, माहीत नाही.
उजनी किती भरली
ते नळ किती दिवसांनी आला
त्यावरून ओळखतो.