देवबागेत, शनिवारच्या आधी

विमा कंपनीत मी दावे तपासते.
चोरी, आग, अपघात, इतर.
माणूस कसा बुडाला
हे मला चार ओळींत बसवावं लागतं.

म्हणून निघताना पैसे तीन ठिकाणी वाटले:
पर्स, पुस्तक, पॅडचं पाकीट.
कानातलं लॉकरमध्ये.
लेकीच्या गळ्यात शिट्टी,
आणि बॅगेच्या तळाशी पितळी कुलूप,
सात लिव्हरचं,
आमच्या दोघींच्या कपड्यांहून जड.

ऑफिसात प्रत्येकाने वेगळं सांगितलं.
मोहोळकर म्हणाले, खुशाल जा, देवभोळी माणसं आहेत.
नाडगौडा मॅडम म्हणाल्या, माझ्या जावेची चेन तिथेच गेली;
मग आठवून,
नाही, ती महाबळेश्वरला.

देवबाग म्हणजे बोटभर जमीन.
पुढे समुद्र, मागे कर्ली,
टोकाला दोघांची गाठ.
पळायचं तर एकच रस्ता,
तोही एसटीपुरता.
हे मी आल्या आल्या मनात टिपलं.

शेवंती कुबलांच्या खोलीला आतून कडी होती,
बाहेर कोयंडा नव्हता.
"कुलूप कित्याक? हय चोर नाय गे बाय,
माकडा आसत.
केळी भायर ठेव नको."
लेक हसली. मी नाही.

रात्री अडीचला वाळूत पावलं.
दोन माणसं, कदाचित तीन.
बॅटरीचा उजेड भिंतीवरून गेला,
कौलांवर थांबला, परत फिरला.
मी कुलूप मुठीत धरून बसले
लेकीचे श्वास मोजत.
कुणी खोकलं. कुणी दोराला शिवी घातली.
मग काहीतरी मोठं, जड
वाळूवरून फरफटत गेलं.
लेक झोपेतच म्हणाली,
आई, होडी आहे.

सकाळी त्यांच्या सासऱ्यांनी
न विचारताच संगमाकडे बोट केलं:
"थंय पाय घालू नको.
थंयसरला पाणी हसता आणि ओढता."
पाण्याबद्दल मी विचारलंच नव्हतं.
कुत्री, साप, रिक्षावाले, दारूडे,
सगळं विचारून झालं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी
शेवंतीताईंनी दोरीवरचे कपडे ओलेच काढले.
सायकल पडवीत घेतली, चाकाला साखळी.
स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला सुंभ बांधला,
तीन गाठी, वर चौथी.
"काय झालं?"
"उद्या शनवार."

बराच वेळ तेवढंच.
कोळंबी सोलत होत्या, पाटीत डोकी एका बाजूला.
"गाडये येतत. बाटले फुटतत.
आमच्या दर्शनाक मी आयतवार रातीपर्यंत
वेळेर पाठवणंय नाय.
गेल्या शिमग्यात एकान तिचो हात धरल्यान."
"कुठला होता?"
"घाटावरचो. बरो शिकललो."
मग माझ्याकडे बघून, घाईने,
"तुमी तशी नाय हां."

दर्शना आत वही घेऊन बसली होती.
सोळा वर्षांची.
समुद्र तिच्या खिडकीतून वीस पावलं.

तीन दिवस मी विचारत होते,
इथे सुरक्षित आहे ना?
आणि त्या रोज हो म्हणत होत्या.
कुणाला, ते मी बोलले नव्हते.

निघताना म्हणाल्या, लाजत,
"ह्या कुलूप बरा आसा. केवढ्याक मेळता?"
मी काढून दिलं. फुकट घेईनात.
शेवटी दोन किलो आमसुलांवर सौदा झाला.
मागच्या दाराला कोयंडा ठोकणं चालू होतं,
दर्शना खिळा धरून उभी,
डोळे घट्ट मिटलेले,
हातोडी आजोबांची.

एसटी वळणावर अडली.
समोरून चार पांढऱ्या गाड्या, गाणी लावलेल्या.
आमचा ड्रायव्हर पुटपुटत मागे घेत राहिला,
माडाला चिकटेपर्यंत.
तिसऱ्या गाडीची काच खाली झाली.
गॉगल लावलेल्या कुणीतरी
माझ्या लेकीला हात केला.

तिने शिट्टी ओठांत धरली.
वाजवली नाही.
गाडी जाईपर्यंत
धरून ठेवली.