मागून लिहिलेली वही

एकच वही आहे.
पुढून हिशेब, मागून कबरी.
ही पद्धत माझी नव्हे, अमोस जांबोटकरांची.
एक्क्याण्णव साली दुसऱ्या वहीचे पैसे वाचवले त्यांनी
आणि बचत जमेला दाखवली, साडेअकरा रुपये.
रकाने दोन्हीकडे तेच छापील : तारीख, तपशील, रक्कम.
मागच्या बाजूला रकमेखाली ते खोली लिहायचे.
साडेपाच फूट.
जांभा लागला, साडेचार.
एकदाच, दोन फूट. नाव नाही.

त्यांच्यानंतर वही माझ्याकडे आली,
कारण मी सोसायटीत कारकून होतो
आणि बाकीचे 'नको' म्हणताना माझ्याकडे बघत होते.
खानापुरात आम्ही सव्वीस घरं. उपासनेला चौदा माणसं.
रविवारची थैली मी मागच्या खोलीत स्टुलावर मोजतो :
तीनशे बारा, आणि शर्टाचं एक बटण.
कोण टाकतं ते त्याच्या शर्टावरून कळतं.
त्यातून हेस्कॉमचं बिल, पाळकांचं बेळगावहून बसभाडं,
वाळवीचं औषध,
आणि नागाप्पाचे खड्ड्याचे आठशे.

नागाप्पा देवळात कधी आत आला नाही.
पण वहीतली चूक तोच काढतो.
"तिथं नको वो मास्तर, तिथं शिंपीणबाई हाय.
तुमच्या बुकात नसंल,
माझ्या फावड्याला म्हाईत हाय."

सालोमीबाई बिडीकर दर महिन्याला दहा रुपये देते,
नवऱ्याशेजारची जागा राखायला.
नियम असा, की जागा राखता येत नाही,
जो येईल तो ओळीनं.
अमोसनी ते दहा रुपये 'फुलांसाठी' लिहिले.
मीही तसंच लिहीत आलो.
तीस वर्षांत कबरस्तानात
झेंडूचं एक फूल विकत आलेलं नाही.

यंदा मलप्रभेनं मागची भिंत नेली.
सर्व्हेयर आला, हडपद म्हणून. बरा माणूस.
कन्नड नकाशा, साखळी, पानाचा डबा.
मी मराठीत विचारत होतो, तो कन्नडात सांगत होता,
आकडा दोघांना एकच कळला :
शेवटची ओळ हद्दीबाहेर, चार फूट.
सात माणसं, त्यात बिडीकर,
जागची न हलता सरकारी पट्टीत गेलेली.
आमच्याकडे हद्द हा शब्द निघाला
की माणसं अर्धा चहा ठेवून उठतात.
मी साखळीचं टोक धरून उभा राहिलो.

सालोमीबाईकडे हिशेब करूनच गेलो.
तीस वर्षं, बारा महिने, दहा रुपये : तीन हजार सहाशे.
पेटीत निघाले दोन हजार नऊशे.
बाकीचे माझ्या खिशातले.
ती शेंगा सोलत होती. नोटांकडे बघितलंच नाही.
"फुलांचं न्हवं हे?" म्हणाली.
मला वाटत होतं तिला ठाऊक नाही.
"मग भिंत बांध त्यातनं.
त्येंच्या पलीकडनं."

गवंड्यानं तीनदा विचारलं, इथंच वळवू?
दगड जुनेच, मजुरी तेवढी नवी.
भिंत सरळ येते, शेवटच्या ओळीपाशी पोट काढते,
सातजणांना आणि एका मोकळ्या जागेला आत घेते,
मग काही झालंच नाही अशी सरळ जाते.
हडपद बघायला आला. नकाशा उघडला.
भिंतीकडे बघितलं, मिटला.
"इरली बिडी," म्हणाला, आणि पान लावलं.
मला एक दिलं.

खर्चाला लिहिलंय : भिंत, वाकडी. तीन हजार नऊशे.
वरचे तीनशे कुठून आले ते लिहायचं राहिलंय.

काल पानं मोजली.
वही दोन्ही टोकांनी आत येते आहे,
मध्ये कोरी एकोणीस.
पुढून जास्त भरतील की मागून, सांगता येत नाही.
दुकानदार नवीचे पासष्ट सांगतो.
दोन घ्याव्यात का,
कमिटीपुढे ठेवायचं आहे.